नेणीव नेमकी कोणाची?

'ऑटिझम' या संज्ञेसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द आता रूढ झाला आहे. शब्द सुटसुटीत आहे आणि त्यात तुच्छतेचा लवलेशही नाही. 'वेडसर', 'मतिमंद' अशा जुन्या शब्दांच्या तुलनेत तर तो सभ्यच म्हटला पाहिजे. तथापि या शब्दात एक निवाडा दडलेला आहे. 'स्वमग्न' म्हणजे जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्याच अंतरंगात बुडालेला मनुष्य, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतो. अशा व्यक्तीने खरोखरच जगाकडे पाठ फिरवलेली असते काय, याचा विचार करण्यापूर्वीच शब्दाने आपले काम केलेले असते. हा निवाडा मराठी भाषेचा नव्हे. तो मूळ युरोपीय संज्ञेतून अनुवादाच्या वाटेने आपल्याकडे आला आहे. ती संज्ञा नेणिवेच्या शोधाच्या काळात जन्मली, आणि तिच्याभोवतीच्या लोकसमजुती पुष्कळ अंशी चित्रे पाहण्याच्या एका विशिष्ट सवयीतून घडल्या. नेणीव, स्वमग्नता आणि कलादालन या तीन गोष्टींचा इतिहास एकत्र वाचला असता जे दिसते, ते वाचकांपुढे ठेवण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

जाणीव आणि नेणीव ही जोडी आपल्या संतवाङ्मयात जुनीच आहे. परंतु आधुनिक मानसशास्त्रातील नेणीव निराळी. सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ १९०० हे प्रकाशनवर्ष छापून बाहेर पडला, आणि माणसाच्या मनाचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्याच नजरेआड असतो हा विचार युरोपभर पसरला. १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ मधील 'रात्रीचा दिवस' या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला, तोही याच विचारविश्वाचा दूरचा पडसाद होय. सारांश, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुशिक्षित माणसाला एक नवी सवय लागली : समोर दिसते त्याच्या तळाशी काहीतरी दडलेले आहे असे धरून चालण्याची.

'ऑटिझम' हा शब्द याच सवयीचे अपत्य आहे. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मधील आपल्या ग्रंथात तो प्रचारात आणला. 'आउटोस' म्हणजे 'स्वतः' या ग्रीक शब्दावरून, आणि फ्रॉइडच्या परिभाषेतील एका संज्ञेला कात्री लावून, त्यांनी तो घडवला होता. परंतु तो त्यांनी मुलांसाठी योजलेला नव्हता. बाह्य वास्तवापासून दूर सरून इच्छा व कल्पना यांच्या आतल्या जगात रमलेल्या छिन्नमनस्क प्रौढ रुग्णांचे वर्णन करण्यासाठी तो शब्द होता. म्हणजे आरंभी 'ऑटिझम'चा अर्थ कल्पनेचा अतिरेक असा होता. आतले जग ओसंडून वाहते आहे आणि बाहेरचे जग पुसले गेले आहे, असे ते चित्र होते.

हे आतले जग पाहायचे कसे? त्या काळाने उत्तर दिले : रुग्णांची चित्रे पाहा. १९१९ मध्ये हान्स प्रिंट्सहॉर्न हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. ते वैद्य तर होतेच, शिवाय कलेतिहासाचेही पदवीधर होते. जर्मनीतील व शेजारच्या देशांतील मनोरुग्णालयांना पत्रे पाठवून त्यांनी सुमारे ४५० रुग्णांच्या जवळजवळ ५,००० कलाकृती जमा केल्या. १९२२ मध्ये त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला. चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी त्याची प्रत पॅरिसला नेऊन कवी पॉल एल्युआर यांना दिली, आणि पुढे अतिवास्तववादी म्हणून ओळखल्या गेलेल्या मंडळींत तो ग्रंथ हातोहात फिरला. त्यांचे अध्वर्यू आंद्रे ब्रेताँ यांनी स्वतः पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांची शुश्रूषा केली होती. १९२४ च्या आपल्या जाहीरनाम्यात त्यांनी विवेकाच्या पहाऱ्यातून सुटलेल्या, आपोआप प्रकटणाऱ्या विचाराला कलेचा मूलस्रोत ठरवले. अर्थात मनोरुग्णाचे चित्र त्यांना नेणिवेची उघडी खिडकीच वाटले.

येथे एक बारीकशी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रिंट्सहॉर्न यांनी ज्या दहा रुग्णांच्या कलेचा ग्रंथात विस्ताराने परामर्श घेतला, त्यांची खरी नावे छापली नाहीत, टोपणनावे दिली. रुग्णाची ओळख गुप्त राखावी हा वैद्यकीय हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की चित्रे प्रसिद्ध झाली आणि चित्रकार निनावी राहिले. 'फ्रांझ पोल' या नावाने ज्यांची चित्रे युरोपभर वाखाणली गेली ते फ्रांझ कार्ल ब्यूलर हे कुशल लोहारकाम करणारे कारागीर होते. त्यांची पुढील हकिगत अंगावर काटा आणणारी आहे. १९३७ मध्ये म्युनिकला नाझी राजवटीने 'अधःपतित कला' नावाचे प्रदर्शन भरवले. ते पुढे निरनिराळ्या शहरांत फिरले, तेव्हा हायडेलबर्गच्या संग्रहातील रुग्णांची चित्रे आधुनिक चित्रकारांच्या चित्रांशेजारी टांगण्यात आली. ही दोन्ही चित्रे सारखीच, म्हणून दोन्ही चित्रकार सारखेच रोगी, असा तो युक्तिवाद होता. १९४० मध्ये ब्यूलर यांना ग्राफेनेक येथील केंद्रात विषारी वायूने ठार करण्यात आले. मनोरुग्ण व दिव्यांग यांना नष्ट करण्याच्या त्या सरकारी योजनेत ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० माणसे मारली गेली.

अतिवास्तववादी चित्रांची पूजा करीत होते आणि नाझी त्यांची विटंबना करीत होते. हेतू टोकाचे भिन्न होते. पाहण्याची रीत मात्र एकच होती. चित्र हे कोणीतरी विचारपूर्वक, हाताच्या कौशल्याने, काही टाकून व काही राखून केलेले काम आहे, याकडे दोघांचेही लक्ष नव्हते. चित्राला दोघेही मनाचे लक्षण समजत होते. एकाला त्यात अमृत दिसले, दुसऱ्याला विष.

आता ज्या मुलांशी आज आपण हा शब्द जोडतो त्यांच्याकडे वळू. १९२५ मध्ये मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या बालमनोविकारतज्ज्ञ विदुषीने सहा मुलग्यांचे अत्यंत बारकाईने वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या वैद्यकाला त्यात स्वमग्नतेची ओळखीची लक्षणे आढळतात. तिच्या कार्याकडे जगाचे लक्ष दीर्घकाळ गेले नाही. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरील शोधनिबंध लिहिला, आणि १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. दोघांनीही शब्द घेतला तो ब्लॉयलर यांचाच. गंमत अशी की ही मुले जगातून माघारी फिरलेली नाहीत, ती पहिल्यापासूनच अशी आहेत, असे कॅनर यांनी आपल्या निबंधात स्पष्ट नोंदवले होते, आणि ही अवस्था जन्मजात असल्याचेही म्हटले होते. म्हणजे वस्तू नवी होती आणि नाव जुने होते. जुन्या नावाबरोबर जुना अर्थही आला : आत बुडालेले, आत लपलेले मूल.

मूल लपले आहे असे एकदा मानले की ते कोणाच्या भयाने लपले, हा प्रश्न ओघानेच येतो. मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालील अमेरिकेने त्याचे उत्तर 'आईच्या' असे दिले. स्वतः कॅनर यांनीही १९४० च्या दशकाच्या अखेरीस पालकांच्या थंडपणावर बोट ठेवले आणि शीतकपाटाची उपमा वापरली. तिच्यातूनच 'शीतकपाट माता' ही निर्दय संज्ञा रूढ झाली. या विचाराचे सर्वांत प्रभावी प्रवक्ते ठरले शिकागोचे ब्रुनो बेटेलहाइम. व्हिएन्ना विद्यापीठातील त्यांचा प्रबंध सौंदर्यशास्त्रावरचा होता. १९३८-३९ मध्ये त्यांनी नाझी छळछावण्यांत यातना भोगल्या होत्या. १९५९ मध्ये एका विज्ञान मासिकात त्यांनी स्वतःला यंत्र समजणाऱ्या एका मुलाची हकिगत लिहिली. लेखासोबत मुलाने काढलेली चित्रे छापली होती, आणि त्यांच्या आधारे त्याच्या अंतर्मनाचा अर्थ उलगडून दाखवला होता. त्या लेखात तो मुलगा छिन्नमनस्क म्हणून येतो. १९६७ मधील त्यांच्या ग्रंथात तोच मुलगा स्वमग्नतेचे उदाहरण बनून येतो. छळछावणीतील कैदी जसा जगण्याची आशा सोडून आत मिटतो, तसेच हे मूल घरात मिटते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्या तुलनेत घराची छावणी झाली, आणि आईला कोणती जागा मिळाली हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या सिद्धांताचे खंडन प्रथम एका पालकानेच केले. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी या अवस्थेचे मूळ मेंदूच्या रचनेत असल्याचे मांडले, आणि विशेष म्हणजे त्या ग्रंथाची प्रस्तावना कॅनर यांनी लिहिली. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टाइन व मायकल रटर यांनी २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत तसे एकही उदाहरण नव्हते. अभ्यास लहान होता, पण दिशा स्पष्ट झाली. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे पुढील संशोधनाने पक्के केले. दरम्यान हजारो माता आपल्या मायेत काय उणे पडले याचा शोध घेत रात्री जागल्या होत्या. चित्राचा आणि मनाचा चुकीचा अर्थ लावला तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आईवरचा आरोप मावळला, तशी समाजमनात दुसरी प्रतिमा उगवली, ती अद्भुत प्रतिभेची. १९७७ मध्येच लोर्ना सेल्फ यांनी इंग्लंडमधील नादिया नावाच्या मुलीवर पुस्तक लिहिले. बोलता न येणारी ही मुलगी साडेतीन वर्षांची असल्यापासून घोड्यांची अशी चित्रे काढीत असे, की ती प्रौढ चित्रकाराची वाटावीत. १९८७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर स्टीफन विल्टशायर हा किशोर आला. एकदा पाहिलेली इमारत तो आठवणीतून तपशीलवार रेखाटत असे. १९८८ मध्ये 'रेन मॅन' हा चित्रपट आला आणि स्वमग्न म्हणजे विलक्षण स्मरणशक्तीचा माणूस हे समीकरण जगभर झाले. त्या पात्राला प्रेरणा देणारे किम पीक हे स्वमग्न नव्हते. त्यांच्या मेंदूची रचनाच जन्मतः निराळी होती. बहुसंख्य स्वमग्न व्यक्तींमध्ये असे अलौकिक कौशल्य नसते. परंतु समजूत रुजली ती रुजलीच. रिकामा किल्ला काय किंवा अद्भुत यंत्र काय, दोन्ही प्रतिमांत एक गोष्ट समान आहे : आत काहीतरी गूढ आहे आणि ते आपल्याला उकलायचे आहे. ब्रिटनमधील पालकांच्या संस्थेने १९६३ मध्ये स्वमग्नतेचे बोधचिन्ह म्हणून कोड्याचा तुकडा निवडला होता, हेही या संदर्भात सूचक आहे.

एव्हाना नेणिवेची कल्पनाही बदलली होती. डोळ्यांनी पाहण्याच्या क्रियेतदेखील मन नकळत अनुमाने करीत असते, असे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मानसशास्त्र पुन्हा त्या वाटेवर आले. नेणीव म्हणजे केवळ दडपलेल्या वासनांचे तळघर नव्हे. आपली रोजची पाहणी, ओळख, पसंती-नापसंती हे सारे बव्हंशी नकळत घडते. माणूस समोर येताच क्षणार्धात मत बनते, आणि त्याची कारणे आपण मागाहून शोधतो.

या दृष्टीने २०१७ मध्ये अमेरिकेत नोआ सॅसन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. स्वमग्न प्रौढ व इतर प्रौढ यांच्या बोलण्याचे छोटे नमुने अनोळखी निरीक्षकांना देण्यात आले. काहींना चित्रफीत दाखवली, काहींना केवळ आवाज ऐकवला, काहींना केवळ छायाचित्र दाखवले, तर काहींना केवळ बोललेला मजकूर लिहून दिला. चेहरा दिसला किंवा आवाज ऐकू आला, की काही सेकंदांतच स्वमग्न व्यक्तींविषयीचे मत प्रतिकूल बनत होते, आणि त्यांच्याशी बोलण्याची निरीक्षकांची इच्छा कमी होत होती. केवळ मजकूर वाचणाऱ्यांच्या मतांत मात्र हा भेद आढळला नाही. म्हणजे ते काय बोलतात यात काही उणे नव्हते. ऐकणाऱ्याच्या नकळत चालणाऱ्या पारखीत उणे होते. ब्रिटनमधील डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. परस्परांना समजून घेण्यातील अडचण दोन्ही बाजूंची असते, असे त्यांनी २०१२ मध्येच मांडले होते. शंभर वर्षे आपण ज्यांच्या नेणिवेत डोकावू पाहत होतो, त्यांच्याऐवजी पाहणाऱ्याचीच नेणीव तपासणीच्या मेजावर आली, ती येथे.

कलादालनाचे महत्त्व नेमके याच ठिकाणी आहे. चित्र भिंतीवर एकटे असते. चित्रकाराचा चेहरा, त्याची नजर टाळण्याची रीत, त्याचा सपाट किंवा चढा स्वर यांपैकी काहीच पाहणाऱ्यासमोर नसते. त्या अभ्यासातील लिहून दिलेल्या मजकुरासारखेच हे होय. मात्र एक अट आहे. शेजारच्या पट्टीवर काय लिहिले आहे, यावर सारे अवलंबून असते. प्रथम रोगाचे नाव आणि मग माणसाचे, असे लिहिले असेल तर जुनी खिडकी पुन्हा उघडते.

हा बदल दालनांतून सावकाश झाला. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे कॅट्झ दांपत्याने दिव्यांग कलाकारांसाठी 'क्रिएटिव्ह ग्रोथ' ही कार्यशाळा सुरू केली. तेथे उपचारापेक्षा कामाला स्थान होते. साधने आणि जागा द्यायची, आणि कलाकाराला त्याच्या गतीने काम करू द्यायचे, ही तेथील रीत. तेथील डॅन मिलर या स्वमग्न कलाकाराची अक्षरांवर अक्षरे रचून घनदाट झालेली चित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेली, आणि २०१७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातही लागली.

अलीकडचा टप्पा ९ डिसेंबर २०२५ चा. ब्रिटनमधील समकालीन कलेचा सर्वांत गाजलेला टर्नर पुरस्कार न्नेना कालू यांना ब्रॅडफर्ड येथे जाहीर झाला. १९८४ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराच्या इतिहासात अध्ययन अक्षमता असलेल्या कलाकाराला तो प्रथमच मिळाला. कालू यांचा जन्म १९६६ मध्ये ग्लासगो येथे नायजेरियन कुटुंबात झाला. त्या स्वमग्न असून फारच थोडे बोलतात. १९९९ पासून त्या लंडनमधील 'ॲक्शनस्पेस' या संस्थेच्या कार्यशाळेत काम करीत आल्या आहेत. कापड, दोरी, रंगीत फिती, पुठ्ठा आणि जुन्या चित्रफितींची चकाकणारी पट्टी यांचे वेढ्यावर वेढे घालून त्या कोशासारखे मोठे आकार घडवतात व ते टांगले जातात. कागदावर त्या भोवऱ्यासारख्या रेषांची चित्रे काढतात, आणि पुष्कळदा एकाच हालचालीची दोन-तीन चित्रे शेजारी शेजारी. परीक्षकांनी प्रशंसा केली ती त्या आकारांची, रंगांची व मांडणीची.

यावर एक आक्षेप येणारच, आणि तो आपल्या वाचकांच्याही मनात आला असेल : हा पुरस्कार कलेला की करुणेला? प्रश्न गैर नाही. परंतु तो प्रत्येक कलाकाराबाबत आपण विचारतो काय? गुंडाळण्याची क्रिया पुनःपुन्हा करणारा कलाकार स्वमग्न नसेल तर तिला आपण 'शैली' म्हणतो, आणि स्वमग्न असेल तर 'लक्षण' म्हणतो. हात तोच, वेढा तोच, शब्द मात्र बदललेला. हा शब्द कोण बदलतो, याचे उत्तर कालू यांच्या मनात शोधण्यात अर्थ नाही. त्या आपल्या कामाविषयी बोलत नाहीत, म्हणून आपल्याला कामच पाहावे लागते. कदाचित हीच त्या दालनाने आपल्याला लावलेली शिस्त असेल.

आपल्या देशाची वाटचाल पाहिली तर तीही अशीच नावांची आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकार नोंदले होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. कागदावर ज्या अवस्थेला रकाना नाही, ती शासनाच्या लेखी अस्तित्वातच नसते, हे शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या आम्हांस चांगले ठाऊक आहे. अशी मुले 'मतिमंद' किंवा 'मनोरुग्ण' या जवळच्या रकान्यात ढकलली जात, आणि मग त्यांची शाळा, त्यांचे उपचार, इतकेच नव्हे तर त्यांच्याविषयीचे नातलगांचे मतही त्या रकान्याप्रमाणे ठरे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने स्वमग्नतेचे नाव प्रथम घेतले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान दिले, आणि शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एका टक्क्यात इतर काही प्रकारांसमवेत वाटा दिला.

कायद्याने रकाना दिला. नजर देणे कायद्याच्या हाती नाही. दीडदोनशे वर्षांपासून परमुलखात नांदणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना, आपल्या बोलण्याच्या ढबीवरून आपली पारख आधीच झालेली असते, हा अनुभव नवा नाही. आपण काय बोलतो ते ऐकून घेण्याआधी आपण 'बाहेरचे' ठरतो. तेव्हा आपल्याच घरातील, आप्तांतील वा शेजारातील जे मूल नजर देत नाही, तेच तेच वाक्य पुनःपुन्हा म्हणते किंवा वहीच्या प्रत्येक पानावर एकच आकार काढते, त्याच्याविषयी मत बनवताना थोडे थांबण्याचा वारसा आपल्याकडे असायला हवा. त्या वहीतून मुलाच्या मनाचे गूढ शोधण्याची घाई नको, आणि त्याच्या आईकडे पाहून अर्थपूर्ण सुस्कारा टाकण्याचीही नको. वही हातात घेऊन आधी पाने नीट पाहावीत : रेषा कोठे जाड झाली आहे, कोठे थांबली आहे, आणि दुसऱ्या पानावर तोच आकार किंचित कसा बदलला आहे.

'स्वमग्न' हा शब्द आता भाषेतून काढता येणार नाही, आणि काढावा असे आमचे म्हणणेही नाही. तो उच्चारताना एवढेच ध्यानात असावे की मग्नतेचा आरोप दोन्ही बाजूंवर होऊ शकतो. शंभर वर्षे ज्यांनी अशा चित्रांत केवळ स्वतःच्याच कल्पनांचे प्रतिबिंब पाहिले, त्यांच्याइतके स्वमग्न दुसरे कोण होते?